९९८, १०८ आणि कपाटातली चिठ्ठी

आमच्या नागोठण्यात 'बाहेर' या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे घराबाहेर, ओटीवर. दुसरा म्हणजे गल्फमध्ये. "मामा कुठे असतात रे तुझे?" "बाहेर." एवढं ऐकलं की विचारणाऱ्याला कळतं. मग पुढचा प्रश्न एवढाच असतो, की दुबई की सौदी?

ज्या मित्रांना नागोठणं माहीत नाही (आणि हॉस्टेलवर असे बरेच आहेत) त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मुंबई-गोवा हायवेवर पेण सोडून पुढे आलं की अंबा नदीच्या काठी आमचं गाव लागतं. तालुका रोहा, पण पेण तालुक्यातल्या आसपासच्या गावांचाही बाजार आमच्याकडेच. नदीवर सोळाव्या शतकातला दगडी पूल आहे. गावाजवळ पेट्रोकेमिकल्सचा मोठा कारखाना आहे, आधी आयपीसीएलचा, नंतर रिलायन्सकडे गेलेला. या कारखान्यात कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम करता करता आमच्याकडची किती तरी माणसं पाइप फिटिंग, वेल्डिंग, इन्सुलेशन शिकली. सर्टिफिकेट नसलं तरी हातात कसब होतं. मग कोणाच्या तरी ओळखीने पासपोर्ट निघाला आणि माणूस 'बाहेर' गेला. माझे मामा त्यातलेच. नववीनंतर शाळा सुटली, पण पाइपचा आयसोमेट्रिक ड्रॉइंग आपल्यातल्या भल्याभल्यांपेक्षा चांगला वाचतात. (आपल्या ईजीच्या सरांनी राग मानू नये.)

आमच्या गावाने संकटं पुष्कळ पाहिली आहेत. जुलै १९८९ मध्ये अंबेला पूर आला, त्यात वर जांभूळपाड्यापासून खाली आमच्यापर्यंत हाहाकार झाला. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९० मध्ये, कारखान्यात वायुगळती होऊन स्फोट झाला आणि तीसहून जास्त माणसं गेली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण घरात या गोष्टी इतक्यांदा ऐकल्यात की पाहिल्यासारख्या वाटतात. त्या ऐकताना एक गोष्ट लक्षात येते. सांगणारा प्रत्येक जण माणसांची नावं घेऊन सांगतो. कोणाला कोणी उचललं, कोणाची जीप होती, कोणाला साखरेचा त्रास होता म्हणून आधी नेलं.

गावातली इमर्जन्सी अशी असते. एसटी स्टँडवर एखादा माणूस चक्कर येऊन पडला तर दोन मिनिटांत कोणी तरी म्हणतं, "अरे हा अमक्याचा जावई, याला फिट येते, चावी नको देऊ हातात, कुशीवर वळव." मोठं हॉस्पिटल लांब आहे. जिल्हा रुग्णालय अलिबागला, त्याहून मोठं काही असलं तर पनवेल नाही तर मुंबई. हायवेची अवस्था तर विचारूच नका. म्हणजे गाडी यायला आणि पोचायला वेळ लागतो, पण माहितीला वेळ लागत नाही. माहिती तिथेच, गर्दीत उभी असते.

परदेशात नेमकं उलटं असतं. गाडी झटकन येते, हॉस्पिटल चकाचक असतं, पण पडलेला माणूस कोण, त्याला काय होतं, काय चालत नाही, हे सांगणारं आसपास कोणी नसतं. हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. फेब्रुवारी २०२२ च्या एका रात्री कळलं.

माझी दहावी होती. पहिल्या लाटेपासून शाळा घरात आणि मी आजोळी. रात्री दीड वाजता मामींचा फोन वाजला. दुबईत तेव्हा बारा वाजले होते, ते आपल्यापेक्षा दीड तास मागे आहेत. फोनवर मामांचा रूममेट, केरळचा माणूस. त्याचं हिंदी आणि मामींचं हिंदी यांची गाठ पडेना, म्हणून फोन माझ्या हातात आला. मामांच्या छातीत दुखत होतं, घाम सुटला होता, डावा हात जड झाला होता. मामा म्हणत होते ॲसिडिटी आहे, सोडा आणा. रूममेटने त्यांचं ऐकलं नाही. त्याने सरळ ९९८ ला फोन लावला.

मामांचा कॅम्प अल कूज भागात होता. तिथे कामगारांच्या इमारती एकसारख्या दिसतात. एकीचा फोटो दाखवून दुसरीत जेवून यावं इतक्या एकसारख्या. पण दुबईत इमारतींच्या दारावर 'मकानी' नावाचा दहा आकडी नंबर लावलेला असतो. तो सांगितला की गाडी थेट त्या दारापाशी येते. रूममेट खाली धावत गेला, पाटीवरचे दहा आकडे वाचून दाखवले आणि ॲम्ब्युलन्स आली. गाडीतच ईसीजी काढला गेला. तिथपर्यंत सगळं घड्याळासारखं झालं.

खरी अडचण हॉस्पिटलात सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, दुखायला कधी लागलं? कोणत्या गोळ्या चालू आहेत? कशाची ॲलर्जी? पूर्वी कधी रक्तस्राव झाला होता का? रूममेटला पहिल्या प्रश्नाचं उत्तर माहीत होतं. बाकीची तिन्ही उत्तरं नागोठण्यात होती.

मग जे सुरू झालं ते लहानपणी आपण कानगोष्टींचा खेळ खेळायचो तसं होतं. डॉक्टर इंग्रजीत विचारणार, केरळची नर्स ते मल्याळममध्ये रूममेटला सांगणार, रूममेट मोडक्या हिंदीत मला, मी मराठीत मामींना. आणि उत्तर त्याच रस्त्याने परत. फरक एवढाच की खेळात शेवटच्या माणसाने भलतंच सांगितलं की सगळे हसतात. इथे तसं होऊन चालणार नव्हतं.

मामी एकदम म्हणाल्या, "अरे, त्यांना दिवाळीत काळी शौच झालेली ना! अलिबागला ॲडमिट केलेलं. अल्सर म्हणालेले." ही गोष्ट मामांनी कॅम्पमध्ये कोणालाच सांगितलेली नव्हती. का नाही सांगितली, तर आजार कळला की मेडिकलमध्ये अनफिट करतील आणि कॉन्ट्रॅक्ट जाईल, ही भीती. ही भीती एकट्या मामांची नाही. बाहेर असणाऱ्या किती तरी माणसांच्या ट्रंकेत कपड्यांखाली ती घडी घालून ठेवलेली असते.

हार्ट ॲटॅकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. पण पोटात नुकताच रक्तस्राव होऊन गेलेला असेल तर तेच इंजेक्शन जिवावर उठू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देतानाही डॉक्टरांना हे माहीत असावं लागतं. म्हणून 'पूर्वी रक्तस्राव?' हा प्रश्न डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा विचारला. मामींनी गोदरेजच्या कपाटातून प्लास्टिकची पिशवी काढली. त्यात अलिबागचं डिस्चार्ज कार्ड होतं आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांची चळत. तिकडे तेव्हा व्हॉट्सॲपवरून बोलता येत नसे, पण फोटो जात होते. मी कार्डाचा फोटो काढून पाठवला. मग गोळ्यांच्या पाकिटांचे. मोठ्या अक्षरातलं कंपनीचं नाव तिकडे कोणाला कळेना, पण त्याच्याजवळ बारीक अक्षरात छापलेलं 'अॅम्लोडिपिन' आणि 'मेटफॉर्मिन' नर्सला लगेच कळलं. मेटफॉर्मिन साखरेसाठी असतं, आणि अँजिओग्राफीचा डाय देण्याआधी ते चालू आहे का, हे डॉक्टरांना कळावं लागतं.

मामांची अँजिओप्लास्टी झाली. लेबर कार्डासोबत विम्याचं कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशात होतं. दुबईत २०१३ च्या कायद्याने मालकाने कामगाराचा आरोग्य विमा काढणं सक्तीचं झालं आहे, त्यामुळे पैशाचा प्रश्न त्या रात्री तरी आडवा आला नाही. पहाटे पाचला रूममेटचा फोन आला, "भाई, आँख खोला." मामी देवापाशी गेल्या. आजी मात्र म्हणाली, "त्या मल्याळी पोराला कोणी चहा तरी विचारला का?"

मामा आता नागोठण्यातच असतात, ग्रिलची कामं घेतात. पण त्या रात्रीनंतर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. त्यातलं थोडं तुम्हाला सांगतो, कारण आपल्यातले निम्मे जण जीआरईची पुस्तकं उशाशी घेऊन झोपतात आणि उरलेल्यातले काही 'ऑनसाइट'ची वाट बघत नोकरीला लागणार आहेत.

एकच नंबर फिरवला की मदत यावी, ही कल्पना लंडनची. १९३५ मध्ये विंपोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली आणि पाच स्त्रिया दगावल्या. शेजाऱ्याने फोन केला होता, पण तो टेलिफोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकला. त्यावर ओरड झाली आणि १९३७ मध्ये ९९९ सुरू झाला. अमेरिकेत पहिला ९११ चा फोन अलाबामातल्या हेलीविल नावाच्या लहान गावात १९६८ मध्ये वाजला. युरोपने १९९१ मध्ये ११२ हा सामाईक नंबर ठरवला. आपल्या महाराष्ट्रात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ पासून आहे. तिच्या ॲम्ब्युलन्समध्ये डॉक्टर असतो हे विशेष, कारण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये गाडीवर सहसा पॅरामेडिक असतात. आता ११२ भारतातही चालतो.

आपल्या ईएनटीसीवाल्यांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे ११२ हा जीएसएमच्या स्टँडर्डमध्येच बसवलेला आहे. फोन लॉक असला तरी लागतो आणि बहुतेक देशांत तिथल्या आपत्कालीन सेवेकडे वळतो. पण भरवशावर राहू नये. ज्या देशात जाल तिथला नंबर विमानात बसण्याआधी पाठ असावा. अमिरातीत ॲम्ब्युलन्स ९९८, सौदीत ९९७, कतार आणि बहरीनला ९९९, ओमानमध्ये ९९९९, कुवेतमध्ये ११२. अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९, जर्मनीत ११२, ऑस्ट्रेलियात तीन शून्यं, जपानमध्ये ११९. आणि ताप-खोकल्यासाठी हे नंबर लावायचे नसतात. त्यासाठी ब्रिटनमध्ये १११ आणि जर्मनीत ११६११७ असे वेगळे नंबर आहेत.

अमेरिकेत जाणाऱ्यांनी पैशाची बाजूही समजून घ्यावी. १९८६ च्या कायद्यामुळे तिथल्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सी विभागाला आलेल्या रुग्णाला तपासून स्थिर करावंच लागतं, खिशात पैसे असोत वा नसोत. पण त्याचं बिल येत नाही असा त्याचा अर्थ नाही. ते मागाहून पोस्टाने येतं. २०२२ पासून तिथे अचानक येणाऱ्या अवाढव्य बिलांविरुद्ध कायदा लागू झाला, पण रस्त्यावरून धावणारी ॲम्ब्युलन्स त्यातून वगळली गेली. म्हणून युनिव्हर्सिटीचा विमा घेताना ॲम्ब्युलन्सची ओळ शोधून वाचायची. जीव जायची वेळ असेल तेव्हा मात्र बिलाचा विचार करत बसायचं नाही. तो विचार आधी, शांतपणे, विमा घेताना करायचा. तहान लागल्यावर विहीर खणण्यात अर्थ नाही, हे आजी उगाच म्हणत नाही.

आता भाषेचं. औषधांनाही पासपोर्ट लागतो असं समजा. आपण ज्याला पॅरासिटामॉल म्हणतो त्याला अमेरिकेत ॲसिटामिनोफेन म्हणतात. दम्याच्या पंपातलं आपलं साल्ब्युटामॉल तिकडे अल्ब्युटेरॉल होतं, ॲड्रेनलीनचं एपिनेफ्रिन होतं. औषध तेच, नाव वेगळं. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं अमिरातीत कागदपत्रांशिवाय नेली तर आजारापेक्षा पोलिसांचंच लफडं मोठं होतं. आणि युनिटचं काय सांगावं! आपल्याकडे साखर १८० म्हणतात, ब्रिटनमध्ये तीच साखर १० असते. आपण मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये मोजतो, ते मिलिमोल प्रति लिटरमध्ये. अठराने भागायचं. युनिट न लिहिल्याबद्दल व्हायवात एक मार्क जातो, तिकडे त्याहून जास्त जाऊ शकतं.

मामांसारख्या कामगारांसाठी काही सोयी आहेत, पण त्या माहीत असतील तरच कामाच्या. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट असते. अशा कामगाराला गल्फसारख्या देशांत जाताना प्रवासी भारतीय विमा योजना काढावी लागते. तिच्यात अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचं संरक्षण आहे. परदेशातल्या आपल्या वकिलातींकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. अडचणीतल्या भारतीयाचे तातडीचे उपचार आणि वेळ वाईट आली तर मृतदेह मायदेशी पाठवण्याचा खर्च त्यातून होऊ शकतो. एजंट पैसे घेतो, पण हे सांगत नाही. मामी आता गावात कोणी बाहेर जायला निघालं की त्याच्या घरी जाऊन सांगतात. वकिलातीने करायचं ते वकिलात करेल, पण पहिली माहिती घरच्यांनीच द्यायला हवी, असं त्यांचं म्हणणं.

मला त्या रात्रीपासून पटलेली गोष्ट एवढीच आहे. ॲम्ब्युलन्सला दोन टोकं असतात. एका टोकाला गाडी, सायरन, ईसीजी, डॉक्टर. ते टोक सरकार आणि पैसा मिळून चांगलं करू शकतात, आणि पुष्कळ देशांनी ते केलंही आहे. दुसऱ्या टोकाला एक माणूस असतो, जो त्या आजाऱ्याला ओळखतो. ते टोक कुठलंच सरकार बांधून देत नाही. ते आपणच बांधायचं असतं. दुबईत ते टोक एका मल्याळी रूममेटने धरलं होतं आणि नागोठण्यात मामींच्या प्लास्टिकच्या पिशवीने. मधला दोन हजार किलोमीटरचा समुद्र त्या दोघांनी मिळून बुजवला.

आता वळतो आपल्या हॉस्टेलकडे. कारण मित्रांनो, हॉस्टेल म्हणजेसुद्धा 'बाहेर'च. नांदेडचा मुलगा, गोंदियाचा मुलगा, सिंधुदुर्गातली मुलगी, सगळे इथे परदेशीच आहेत. आपल्याला रूममेटचा सीजीपीए पाठ असतो, त्याच्या बॅकलॉगची संख्या पाठ असते, त्याने मेसच्या काकांकडे किती उधारी केली तेही ठाऊक असतं. पण त्याला कोणत्या गोळीने अंगावर पित्त उठतं? त्याच्या बॅगेतला पंप कशाचा आहे? तो रात्री दोन वाजता बेशुद्ध पडला तर फोन वडिलांना करायचा की काकांना, कारण वडिलांचं बीपी आहे? ॲडमिशनच्या फॉर्मवर ब्लडग्रुप असतो हे खरं, पण तो फॉर्म ऑफिसच्या कपाटात आणि ऑफिस सकाळी दहाला उघडतं.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. आमच्या मजल्यावर आम्ही ती अमलात आणली आहे. प्रत्येकाच्या कपाटाच्या दाराला आतून एक चिठ्ठी. तिच्यावर सहा ओळी: नाव आणि ब्लडग्रुप. ॲलर्जी. जुना आजार, ऑपरेशन, रक्तस्राव. चालू गोळ्या, बारीक अक्षरातल्या नावाने, डोससकट. घरचे दोन फोन नंबर, आधी कोणाला करायचा ते क्रमाने. शेवटी आपला पत्ता, हॉस्टेलचं नाव, ब्लॉक, मजला, खोली आणि गेटजवळची खूण, कारण १०८ वाल्याला 'आर्यभट्ट ब्लॉक' म्हणून काही कळणार नाही. त्याच चिठ्ठीचा फोटो रूममेटच्या मोबाइलमध्ये. कोणाला एखादा आजार सर्वांना कळू नये असं वाटत असेल तर चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवा आणि पाकीट कुठे आहे एवढंच एकाला सांगा. लपवायचा हक्क प्रत्येकाला आहे, पण निदान एका माणसापासून लपवू नका.

आमच्या रेक्टर सरांनी ती चिठ्ठी पाहिली आणि म्हणाले, "स्टाफ क्वार्टर्समध्येही लावतो." त्यांची मुलगी कॅनडात शिकते. तिलाही त्यांनी एक चिठ्ठी लिहून पाठवली आहे, आणि तिच्याकडून तिच्या रूममेटचा नंबर मागवून घेतला आहे.

सबमिशनच्या गडबडीत हे राहून जाईल, मला माहीत आहे. फार वेळ लागत नाही. आज रात्री मेसमधून आलात की पीसी चालू करायच्या आधी शेजारच्या खाटेवरच्याला एवढंच विचारा, "काय रे, तुला कशाची ॲलर्जी आहे?" तो आधी म्हणेल, "अभ्यासाची." हसून घ्या. मग पुन्हा विचारा.